पन्नास मिनिटांचा प्रवास

नवरा कॅनडाच्या अगदी उत्तरेला नोकरीला गेला, तेव्हा त्या दोन गावांची नावं आमच्या घरात पहिल्यांदा ऐकू आली. आता ती कुणी घेत नाही. मुलगी समोर असेल तर नाहीच. इथेही मी ती लिहीत नाही. एक खाडीच्या काठावरचं आणि एक बेटावरचं, एवढं पुरे आहे.

आम्ही मूळचे वसईचे. लग्नानंतर दोघंही बहरीनला आलो. तो एका हॉटेलच्या किचनमध्ये लागला, मी एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट काउंटरवर. मुहर्रकला विमानतळामागच्या वस्तीत आमचा फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर. विमानं इतकी खालून जायची की बोलता बोलता थांबायचं आणि विमान गेलं की अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही सवय तिथल्या सगळ्यांनाच होती. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

मग नवऱ्याच्या हॉटेलने रेस्टॉरंट बंद केलं. बरेच महिने तो घरी बसला. मी ड्यूटीवरून यायची तेव्हा घर लख्ख पुसलेलं असायचं, तीन भाज्या केलेल्या असायच्या आणि तो बाल्कनीत उभा राहून खाली लावलेल्या गाड्यांकडे बघत असायचा. शेवटी पूर्वीच्या एका सहकाऱ्याने त्याला कॅनडातलं काम सुचवलं. एका कंपनीची त्या दोन गावांत दोन छोटी हॉटेलं होती. सरकारी कामाला येणारी माणसं, नर्स, मिस्त्री असे लोक तिथे उतरायचे. दोन्हीकडे मिळून एकच कुक हवा होता. काही आठवडे इकडे, काही आठवडे तिकडे, आणि मधे विमान.

त्याने नावं सांगितली त्या दिवशी मुलीने लॅपटॉप उघडला आणि दोन्ही नावं टाइप केली. असल्या साइट असतात, कुठलीही दोन गावं टाका, अंतर आणि विमानाचा वेळ सांगतात. नकाशावर एक वाकडी तुटक रेघ उमटली. खाली लिहून आलं की विमानाने साधारण पन्नास मिनिटं. त्याच्याखाली गाडीने किती वेळ लागेल त्याची जागा होती. तिथे लिहिलं होतं, रस्ता सापडला नाही.

"नो रोड अ‍ॅट ऑल?" मुलीने विचारलं.

"नाही गं. बर्फ आणि पाणी. रस्ता कसला?" तो म्हणाला.

पन्नास मिनिटं ऐकून मला बरंच वाटलं होतं. आमच्याकडून रिफाला जाऊन थोडी खरेदी करून परत यायचं तरी तेवढी सहज जातात. पण ती तुटक रेघ ज्यावरून गेली होती तिथे नकाशावर एकही नाव नव्हतं. मुलीने मोठं करून बघितलं, आणखी मोठं केलं. नुसता पांढरा रंग मोठा होत गेला.

तो गेला. व्हिडिओ कॉलवर तो बारीक दिसायचा, पण आनंदात असायचा. अंडी, दूध, कांदे, सगळं विमानाने येतं म्हणायचा. दोन गावांमधलं विमान पंख्याचं, पुढचा अर्धा भाग सामानाचा. "माझ्या पुढे गोठलेली कोंबडी आणि लहान मुलांचे डायपर बसतात, मग मी," असं सांगून त्याने मुलीला हसवलं होतं. कधी कधी तो खिडकीकडे फोन धरायचा. तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ असायची आणि खिडकी काळी असायची.

एकदा त्याने किचनच्या मागच्या दारापासून कोठारापर्यंत बांधलेला दोर दाखवला. वारा सुटला की बर्फ जमिनीवरून उठतो, वरून पडतो, आणि आकाश-जमीन सगळं एकच होतं म्हणाला. अशा वेळी कोठारातून बटाटे आणायचे तरी दोर धरूनच जायचं.

"पावलं मोजून दहासुद्धा नसतील," तो म्हणाला. "पण मागच्या कुकने एकदा दोर सोडला आणि तो भलतीकडे निघाला. त्याला वाटत होतं आपण सरळ चाललोय. माणसाला सरळ चालताच येत नाही इथे."

"तू सोडू नकोस," मी म्हटलं.

"मी कशाला सोडतोय?"

आमचा एक नियम ठरला होता. विमानात बसला की त्याने मला 'बसलो' असा मेसेज करायचा, उतरला की 'उतरलो'. मधल्या वेळात मी रोझरी, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची जपमाळ, म्हणायची. दोन रोझरी सावकाश म्हटल्या आणि उठून चहा ठेवला की 'उतरलो' यायचं. हिवाळाभर हे नीट चाललं. एखाद्या वेळी उशीर झालाच तर तो आधीच सांगायचा, आज वारा आहे, बघू.

ते घडलं तेव्हा मार्च चालू होता. रमजान आणि आमचा उपवासकाळ त्या वर्षी एकत्रच आले होते. शुक्रवार होता, मला सुट्टी. सकाळपासून धूळ उठली होती. बहरीनमध्ये राहणाऱ्याला धुळीचं नवल नसतं, पण त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. धूळ येऊन थांबली होती. समोरची मशीद दिसत नव्हती, तिचा मिनार तेवढा वरच्या बाजूला अंधुक दिसत होता, खाली काही नाही असा. विमानंही येत नव्हती. एवढ्या वर्षांत मी त्या घरात सलग इतका वेळ शांतता ऐकली नव्हती.

दुपारी उशिरा, म्हणजे त्याच्याकडे सकाळी, 'बसलो' आलं. मी रोझरी घेतली.

दोन झाल्या. चहा झाला. मेसेज आला नाही. मी तिसरी म्हणायला घेतली आणि मधेच कितवा मणी ते विसरले. फोन लावला तर बंद. विमान आहे, बंदच असणार, असं स्वतःला सांगितलं. मग उगाचच लॅपटॉपवर ती साइट उघडली. दोन नावं, तुटक रेघ, पन्नास मिनिटं. तोपर्यंत त्याच्या दुप्पट वेळ होऊन गेला होता आणि साइट आपली पन्नासच सांगत होती.

इफ्तारच्या थोडं आधी मुहर्रकचे रस्ते कसे होतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. आधी सगळ्यांची घाई, हॉर्न, बेकरीसमोर रांग, आणि मग एकदम काहीच नाही. जणू कुणी माणसं उचलून नेली. बांगलादेशी वॉचमनसुद्धा खालची खुर्ची सोडून मशिदीत गेलेला असतो. तशी ती वेळ होती. मुलगी बाल्कनीच्या काचेपाशी गृहपाठ करत बसली होती.

"मम्मा," ती म्हणाली, "पप्पा इज डाउनस्टेअर्स."

मी किचनमधून म्हटलं, "काय?"

"पप्पा. ही इज लुकिंग इन द कार्स."

तिच्या आवाजात भीती नव्हती. आश्चर्यही नव्हतं. बाप सरप्राइज द्यायला आलाय आणि गाडीपाशी काहीतरी करतोय, असा सरळ आनंद होता. मी पळत काचेपाशी गेले. खाली धुळीत गाड्यांची रांग होती, टपांचे नुसते आकार. माणूस नव्हता.

"कुठे?"

"देअर." तिने बोट दाखवलं ती आमची गाडी लावायची जुनी जागा होती. त्या आठवड्यातच पहिल्या मजल्यावर नवीन भाडेकरू आला होता आणि त्याने आमची जागा धरली होती, म्हणून मी गाडी इमारतीच्या मागे लावायला लागले होते. "ही हॅज नो जॅकेट. ही वॉज बेंडिंग अँड लुकिंग. नाऊ ही वेंट बिहाइंड."

मी तिला घरातच बसायला सांगितलं आणि खाली गेले. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती म्हणून जिना उतरले. बाहेर धुळीचा तो वास होता, ओल्या विटेसारखा. एकही आवाज नाही. मी गाड्यांच्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. सगळ्या गाड्यांवर पिवळट थर बसला होता. आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, आमच्या जुन्या जागेवरच्या गाडीच्या, तिच्या शेजारच्या आणि तिच्याही शेजारच्या, हाताने पुसल्यासारखा एक एक गोल होता. आत डोकावून बघायला पुसतात तसा. वॉचमन पुसतो तसा नव्हे, तो ओलं फडकं घेऊन आख्खी काच पुसतो.

मी त्या गोलाशेजारी आपला तळहात धरून बघितला. गोल मोठा होता, पुरुषाच्या हाताचा.

तेवढ्यात अजान झाली. धुळीमुळे ती कुठून येते तेच कळत नव्हतं, चहूकडून येते आहे असं वाटत होतं. मी मागे जाऊन आमची गाडीही पाहिली. तिच्यावर थर तसाच होता, कुणी हात लावलेला नव्हता. मी वर आले.

मुलगी दारातच उभी होती. म्हटलं, दुसरा कुणीतरी असेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच खोटं बोलते आहे.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या खाला होत्या. रत्नागिरीकडच्या, त्यांचे यजमान कार्गोमध्ये क्लार्क. रमजानात रोज त्या आमच्याकडे ताट पाठवायच्या. आज स्वतः आल्या होत्या आणि ताट नेहमीपेक्षा मोठं होतं.

"काय गो, सांगितलंस पण नाही," त्या हसत म्हणाल्या. "घरवाला आला ना तुझा? म्हणून भजी जास्त आणलीत. त्याला माझी भजी आवडतात."

मी ताट घेतलं नाही. "तुम्हाला कुठे दिसला, खाला?"

"अगो, लिफ्टीत. मी बेकरीतून खुबूस रोटी घेऊन आले, दार उघडलं तर हा आतच उभा. मी सलाम केला, कधी आलास विचारलं. काय बोलला नाही. दमला असेल म्हटलं, एवढ्या लांबून आलाय." त्यांनी ताट चपलांच्या कपाटावर ठेवलं. "पण त्याने बटण दाबलं नव्हतं गो. मी माझं दाबलं. तुझा मजला गेला तरी उतरला नाही. मी उतरले तेव्हा आतच उभा होता. आणि हात बघ ना त्याचे, केवढे लाल. भाजल्यासारखे. तिकडे काय करायला लावतात त्याला?"

मागे मुलगी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "आय टोल्ड यू."

खालांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आत घरात नजर टाकली. सोफा रिकामा, टीव्ही बंद. आत येऊन मुलीच्या शेजारी बसल्या आणि पुटपुटत काहीतरी म्हणायला लागल्या. मी रोझरी हातात घेतली, पण म्हणता येईना. ओठ हलवायची भीती वाटत होती. आपण मेलेल्यासाठी प्रार्थना करतोय की जिवंतासाठी, ते ठरत नव्हतं, आणि चुकीची म्हटली तर काय होईल असं वेड्यासारखं मनात येत होतं.

तिघीही बसून राहिलो. भजी थंड झाली. बाहेर पुन्हा गाड्या सुरू झाल्या, पोरांचे आवाज यायला लागले. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा फोन थरथरला. त्याचा मेसेज. 'उतरलो.'

मी लगेच फोन लावला. स्पीकरवर. उचलला त्यानेच. आवाज जड होता, झोपेतून उठवल्यासारखा.

"गाडी कुठे लावलीस गं?" तो म्हणाला.

मी फोनचा आवाज वाढवला.

"गाडी. मी सगळ्या बघितल्या. आपली नाहीये तिथे."

मुलीने माझा दंड घट्ट धरला. खालांनी डोक्यावरचा दुपट्टा पुढे ओढून घेतला. मी कसंबसं विचारलं, "तू कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? पोचलो ना. वेळेवर पोचलो." मग फोन कुणीतरी त्याच्याकडून घेतला. बाईचा आवाज, शांत, इंग्लिशमध्ये. ती त्या बेटावरच्या गावातल्या हेल्थ सेंटरची नर्स होती. तुमचा नवरा आमच्याकडे आहे, त्याला थंडी बाधली आहे, हातांना इजा आहे, पण तो धोक्याच्या बाहेर आहे. अजून थोडा गोंधळलेला आहे, तुम्ही घाबरू नका. मी हॉस्पिटलच्या काउंटरवर काम करते. 'तुम्ही घाबरू नका' कोणत्या आवाजात म्हटलं की खरं असतं, ते मला ओळखता येतं. हे खरं होतं. मी खाली जमिनीवर बसले.

फोन ठेवल्यावर मी खालांना म्हटलं, "खाला, तो इकडे आलाच नाहीये."

"जिवंत आहे ना?"

"आहे. तुम्ही ऐकलंत ना."

"मग झालं," त्या उठत म्हणाल्या. "मग दुसरं काय विचारू नको. मलापण विचारू नको."

आणि खरोखरच त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. लिफ्टमध्ये मात्र पुढे काही दिवस त्या एकट्या चढत नसत. यजमान आले की त्यांच्याबरोबर.

काय झालं होतं ते नवऱ्याने मला पुढच्या आठवड्यात सांगितलं, दोन्ही हातांना पांढरं बांधलेलं, फोन कुणीतरी समोर टेकवून ठेवलेला. त्याला स्वतःला फार थोडं आठवत होतं. बाकीचं इतर प्रवाशांनी सांगितलेलं. विमान बेटावरच्या गावापर्यंत गेलं होतं, पण खाली धावपट्टी दिसेना. पायलटने दोन घिरट्या घातल्या आणि विमान वळवून तिसऱ्याच ठिकाणी उतरवलं. तिथे गाव नव्हतं, नुसती धावपट्टी, एक पत्र्याची खोली आणि तिच्यापलीकडे इंधनाची पिंपं रांगेत उभी केलेली. वारा कमी होईपर्यंत सगळ्यांनी खोलीत थांबायचं ठरलं. नवरा इतरांबरोबर बसला होता, कुणाला तरी बहरीनची उष्णता कशी असते ते सांगत होता. मग तो उठला आणि दार उघडून बाहेर गेला. सगळ्यांना वाटलं लघवीला गेला.

तो परत येईना तेव्हा माणसं शोधायला निघाली, एकमेकांना दोराने बांधून. आधी जॅकेट सापडलं, बर्फात पडलेलं. मग धावपट्टी साफ करणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला तो दिसला. तो पिंपांच्या रांगेतून चालत होता. एकेका पिंपापाशी थांबायचा, वाकायचा, उघड्या हाताने त्याच्यावरचा बर्फ गोल पुसायचा, आत बघितल्यासारखं करायचा आणि पुढच्या पिंपाकडे जायचा. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. हाक मारली तर त्याने त्या माणसाला सांगितलं म्हणे काहीतरी, पण मराठीत, त्यामुळे काय ते कुणाला कळलं नाही. वारा कमी झाल्यावर त्याच विमानाने त्याला बेटावर नेलं.

"तुला काय आठवतं?" मी विचारलं.

"धूळ," तो म्हणाला. "मला वाटलं धूळ उठलीये. आणि गरम होत होतं."

मी त्याला तेव्हा इकडचं काही सांगितलं नाही. आमच्या हॉस्पिटलमधल्या एका वयस्कर डॉक्टरांना मात्र जेवणाच्या सुट्टीत विचारलं, दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून. ते म्हणाले, होतं असं. शरीर फार गार पडलं की माणसाला उकडायला लागतं, तो कपडे काढून टाकतो. मन कुठेही जातं, बहुतेकांचं घरी जातं. मग म्हणाले, "तुमचा माणूस चालत राहिला म्हणून वाचला. अशा वेळी माणूस कुठेतरी बसतो आणि बसला की संपलं."

मी दुपारभर काउंटरवर चुकीच्या पेशंटांना चुकीच्या वेळा देत होते. डोक्यात एकच होतं. गाडी तिच्या जागेवर असती तर तो तिच्यात बसला असता.

बोटांची दोन टोकं गेली, डाव्या हाताची. कंपनीने भरपाई दिली, दुसरी नोकरीही देऊ केली, आत बसून करायची. त्याने नाही म्हटलं. उन्हाळ्यात तो परत आला. त्याला इथे पोचायला पाच विमानं आणि तीन दिवस लागले. विमानतळावर उभी असताना मी त्याचा हिशेब करत होते आणि मनात येत होतं की त्या संध्याकाळी तो अर्ध्या तासात आला होता, की क्षणात, की त्याला वेळ लागलाच नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा मुलगी पुढे गेली नाही. माझ्या मागे उभी राहिली. त्याने ट्रॉली सोडली, गुडघ्यावर बसला, हात पुढे केले. ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"डिड यू कम बिफोर?" तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला प्रश्न कळला नव्हता, कारण मी काहीच सांगितलं नव्हतं. "नाही बाळा," तो म्हणाला. "आत्ताच येतोय ना."

ती जवळ गेली, त्याने तिला उचललं, तो रडला. पण घरी आल्यावर ती लिफ्टमध्ये शिरेना. आम्ही दोघं वर गेलो, ती जिन्याने आली. पुढे बरेच दिवस तेच. तो लिफ्टमध्ये असला की ही जिन्यावर. तो विचारायचा, हिला काय झालंय? एकटी असताना किंवा माझ्याबरोबर ती लिफ्टने जायची. मला कळत होतं तिला काय बघायचं नव्हतं. त्याने बटण दाबलं नाही तर?

शेवटी मला त्याला सांगावं लागलं. एका शनिवारी आम्ही दोघंच बुदैयाच्या रस्त्याला भाजी आणायला गेलो होतो. गाडी मी चालवत होते. सगळं सांगितलं: मुलीने काय पाहिलं, खालांनी काय पाहिलं, काचेवरचे गोल. शेतांच्या बाजूला गाडी थांबवली तेव्हा त्याने विचारलं, "कोणत्या जागेवर?"

"जुन्या."

"आणि तू गाडी मागे लावली होतीस?"

"हो."

तो उतरला. पालक घेतला, कोथिंबीर घेतली, टोमॅटो एकेक दाबून बघत बसला. परत येताना त्याने सांगितलं की आपण हे घर सोडू.

सोडलं. आता रिफाला राहतो, एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर. लिफ्ट नाही, वर विमानंही नाहीत. तो एका शाळेच्या किचनमध्ये आहे. डाव्या हाताला अजून गरम कळत नाही, म्हणून तवा तापला का ते उजव्याने बघतो. मुलगी त्याच्याबरोबर शाळेत जाते, गाडीत दोघं भांडतात, ती इंग्लिशमध्ये, तो मराठीत. खाला गेल्या वर्षी कायमच्या रत्नागिरीला गेल्या. जाण्याआधी आम्हाला भेटायला आल्या होत्या आणि त्याच्या हाताकडे न बघता त्याला भजी वाढत होत्या.

सगळं ठीक आहे, असंच म्हणायला हवं. माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती भीतीची नाही. तो आला होता. मुलीला दिसला, शेजारणीलाही दिसला. मी धावत खाली गेले, तो गेला त्याच गाड्यांमधून फिरले, आणि मला नाही दिसला. एवढ्या लांबून माणूस येतो आणि बायकोला दिसत नाही, याचं कुठेतरी लागतं.

एकदा तो कांदा चिरत होता तेव्हा मी हे बोलून टाकलं. "मी होते तिथे. तुझ्यापासून चार हातांवर असेन. मला का नाही दिसलास?"

त्याने सुरी खाली ठेवली. थोडा वेळ विचार केला, अगदी खरा विचार, जणू उत्तर आठवायचा प्रयत्न करतोय.

"तू हाक मारली होतीस का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. सगळ्या रांगेतून मी त्याचं नाव तोंडात धरून चालले होते, आणि ते बाहेर काढायचा धीर झाला नव्हता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "थांबलो असतो मी." मग त्याने कढई ठेवली, तेल टाकलं, आणि मला विचारलं की मीठ कुठे आहे.